मदत हवी आहे: हृदयाच्या सिम्युलेशनची पडताळणी, पहिल्याच गणितात तुळईचं टोक कमी वाकतंय

नमस्कार मंडळी,

डाव्या निलयाच्या (हृदयाचा डावा खालचा कप्पा) आकुंचन-प्रसरणाचा फायनाइट एलिमेंट कोड, म्हणजे आकाराचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून समीकरणं सोडवणारा कोड, फेनिक्स या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहितोय. पुढे त्यात रुग्णांच्या एमआरआयवरून काढलेला आकार घालायचा आहे. त्याआधी कोड समीकरणं तरी बरोबर सोडवतो का, याची खात्री हवी. पडद्यावर हृदय छान धडधडताना दिसलं की बघणारे खूश होतात, पण त्याने आकडे बरोबर आहेत हे ठरत नाही.

म्हणून हृदयाच्या यांत्रिकीची सॉफ्टवेअर पडताळायला लँड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलेली तीन गणितं घेतली. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या सॉफ्टवेअरवर सोडवून उत्तरं ताडून पाहिलेली आहेत, त्यामुळे त्यांवर माझा भरवसा आहे.

गाडी पहिल्यावरच अडली आहे. १० × १ × १ मिमीची तुळई, एक टोक पक्कं, तंतू लांबीच्या दिशेने, खालच्या पृष्ठावर ०.००४ किलोपास्कल दाब. गुच्चिओनेचं मटेरियल (हृदयस्नायूच्या ताठपणाचं घातांकी सूत्र), त्यातला स्थिरांक सी २ किलोपास्कल, घातांकातले गुणांक ८, २, ४. मोकळ्या टोकाच्या वरच्या कडेचा मधला बिंदू झेड = १ वरून साधारण ४.१ ते ४.२ मिमीवर यायला हवा. माझा ३ च्याही खाली थांबतो. मेश (एलिमेंटची जाळी) बारीक केल्यावर वर सरकतो, पण फारच हळू.

एलिमेंट साधे रेषीय टेट्राहेड्रॉन (चार पृष्ठांचे तुकडे) आहेत, आणि आकारमान कायम राखायला पेनल्टी (ते बदललं तर ऊर्जा वाढवणारं पद) लावली आहे. बल्क मॉड्युलस (या पेनल्टीचा जोर) उतरवला की टोक लगेच उचलतं, म्हणून मला लॉकिंगचाच, म्हणजे एलिमेंट खोटेच ताठ होण्याचा, दाट संशय आहे. पण मग आकारमान बदलतं, म्हणजे तो उपाय नव्हे. दाब वाकलेल्या पृष्ठाच्या लंबदिशेने वळतोय, हे तपासलं आहे.

जाणकारांना विचारायचं ते असं. विस्थापनासाठी द्विघाती आणि दाबासाठी रेषीय अशा मिश्र एलिमेंटवर सरळ जावं, की रेषीयच ठेवून स्टॅबिलायझेशन (उत्तर स्थिर ठेवणारं जादा पद) पुरेल? माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, आणि मिश्र एलिमेंटना मेमरी बरीच लागते.

दुसरं, तिसऱ्या गणितात लंबगोलाच्या भिंतीत तंतू −९० ते +९० अंश फिरतात, शिवाय १५ किलोपास्कल दाब आणि ६० किलोपास्कल सक्रिय ताण. अगदी खालच्या टोकाशी तंतूंची दिशाच ठरत नाही. तुम्ही ती नोडवर (एलिमेंटच्या कोपऱ्यांवर) देता की गॉस बिंदूंवर (एलिमेंटच्या आतले, संकलनासाठीचे बिंदू)?

कोणी पहिलं गणित फेनिक्समध्ये सोडवलं असेल तर एलिमेंटचा प्रकार, मेशचा आकार आणि टोकाची उंची एवढं कृपया कळवा.