फारोवाद? फिरऔनवाद? की आणखी काही?

शब्दखूळ:
एका लेखाचं मराठी करतेय, विषय १९२०-३० च्या दशकातला इजिप्त. त्यात एक विचारधारा सारखी येते, की आपण आधी इजिप्शियन, पिरॅमिड बांधणाऱ्यांचे वारस, अरब वगैरे नंतर. इंग्रजीत फॅरोनिझम, अरबीत फिरऔनिय्या. मी सरळ 'फारोवाद' लिहिलं तर आमचे संपादक म्हणतात वाचकाला वाटेल ही राजेशाही परत आणा म्हणणारी मंडळी आहेत. त्यांचा पर्याय 'मिसरी अस्मितावाद'. काय करू?

तिखटमीठ:
फारोवादच ठेवा की. मराठी बायबलात फारोही आहे आणि मिसर देशही आहे, म्हंजे शब्द काही काल आलेला नाही. फक्त ते फॅरो, फेरो नको. फेरो वाचलं की मला पुढे सिमेंट दिसतं.

पानवाचक:
मीपण फारोवादच म्हणेन, पण संपादकांची शंका अगदीच उडवून लावण्यासारखी नाहीये.

मुळात फारो म्हणजे राजा नव्हेच. प्राचीन इजिप्शियनमध्ये 'पेर-आ', म्हणजे मोठं घर, राजवाडा. आपल्याकडे 'वाड्यावरून निरोप आलाय' म्हणतात आणि कोणाचा ते सांगावं लागत नाही, तसं. नव्या राज्याच्या काळात हळूहळू खुद्द राजालाच पेर-आ म्हणायला लागले. ते असो.

आता या लोकांना राजा हवा होता का, तर नाही. त्यांना हवी होती जमीन, नाईल, आणि नाईलकाठचा शेतकरी, फेल्लाह. तो पाच हजार वर्षं तोच आहे, वर राज्य ग्रीकांचं येवो, रोमनांचं, अरबांचं, तुर्कांचं किंवा इंग्रजांचं, असा एकूण सूर. वेळही कशी जुळून आली बघा, ब्रिटिशांविरुद्धचा १९१९ चा उठाव होऊन गेलेला, २८ फेब्रुवारी १९२२ ला ब्रिटनने अर्धंमुर्धं का होईना स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तुतनखामेनचं थडगं सापडलं. मग त्या वस्तूंवर हक्क कोणाचा यावरून ते शोधणारा पुरातत्त्वज्ञ कार्टर आणि इजिप्त सरकारचं १९२४ मध्ये इतकं बिनसलं की थडग्याला कुलूप लागलं. विचारधारा पुस्तकातून रस्त्यावर यायला असं काहीतरी लागतंच.

शिल्पकार महमूद मुख्तारचं 'नहदत मिस्र', म्हणजे इजिप्तची जागृती, हे शिल्प बघा, फोटो सहज मिळेल. गुलाबी ग्रॅनाइट, स्फिंक्स पुढचे पाय रोवून उठतोय आणि शेजारी उभी शेतकरी बाई चेहऱ्यावरचा पदर बाजूला करतेय. १९२८ मध्ये कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर त्याचं अनावरण झालं. यात राजा कुठेच नाही! १९१९ च्या उठावाचे नेते, वफ्द पक्षाचे साद झगलूल १९२७ मध्ये गेले, त्यांची समाधी बांधली तीसुद्धा प्राचीन मंदिराच्या धर्तीवर, आणि मग वफ्दच्या विरोधातल्या सिदकी सरकारने झगलूलना तिथे ठेवायचं सोडून राजांच्या ममीच आत नेऊन ठेवल्या. १९३६ मध्ये वफ्द सत्तेत आल्यावर झगलूलना स्वतःची समाधी मिळाली. मला हा किस्सा फार आवडतो, कारण फारोंचा अभिमान आणि फारोंची अडगळ दोन्ही एकाच इमारतीत.

खरी गोम 'फिरऔन' या शब्दात आहे. कुराणात तो मूसाला छळणारा जुलमी, त्यामुळे अरबीत शिवीच. कैरोच्या बोलीत 'इत्फरअन' म्हणजे माजला, डोक्यावर बसला. म्हणही आहे, फारोला विचारलं तुला फारो कोणी केलं, तर म्हणाला मला अडवणारं कोणी भेटलंच नाही. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातना मारणारा इस्लामबुली ओरडला तेही 'मी फारोला मारलं' असंच. आणि हाच देश आपल्या फुटबॉल टीमला लाडाने 'फराइना' म्हणतो, म्हणजे फारो मंडळी. तेव्हा ही विचारधारा कोणाला हाणून पाडायची असेल तर तिच्या नावातच हत्यार आयतं होतं, हसन अल-बन्ना आणि त्याने काढलेल्या मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेच्या लोकांनी तिच्यावर टीका केलीच. म्हणून लेखात एकदा तरी हे यायला हवं. 'फिरऔनवाद' लिहिलंत तर मात्र ती शिवी मराठीत जास्तच ठळक होईल आणि अभिमान पार बुडेल.

मिसरी अस्मितावाद का नको, तर तो फार ढगळ होतो. 'इजिप्त इजिप्शियनांसाठी' ही घोषणा लष्करी अधिकारी उराबीच्या बंडाच्या वेळची, १८८१-८२ ची, पुढे विचारवंत लुत्फी अल-सय्यदने तीच लावून धरली, त्यासाठी पिरॅमिड लागतातच असं नाही. लेखक ताहा हुसेन तर १९३८ मध्ये इजिप्तला ग्रीस आणि भूमध्य समुद्राकडे ओढत होते. सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं तर फारोवाद वेगळा काढणार कसा?

तिखटमीठ:
हे सगळं मुख्यतः कॉप्टिक ख्रिश्चनांचं, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या ख्रिश्चन समाजाचं होतं असं ऐकलेलं.

पानवाचक:
फारोवादी लेखकांपैकी सलामा मूसा कॉप्ट होते, पण लेखक हैकल आणि शिल्पकार मुख्तार हे मुसलमानच. कॉप्टांना यात जास्त मोकळं वाटलं असणार हे खरं, कारण इथे धर्म विचारत नव्हते.

शब्दखूळ:
बरं मग पुढे अरब एकीवाले नेते नासर यांच्या काळात हे संपलंच का? लेखात तसं म्हटलंय.

पानवाचक:
राजकीय विचार म्हणून मागे पडलं. १९५८ मध्ये सीरियाशी एकी केली तेव्हा देशाच्या नावातून इजिप्तच गेलं, संयुक्त अरब प्रजासत्ताक, आणि सीरिया १९६१ मध्ये फुटला तरी नाव १९७१ पर्यंत तेच. पण 'संपलं' लिहू नका हो. त्याच नासरच्या राज्यात १९५५ मध्ये मुख्तारचं शिल्प विद्यापीठाकडे हलवलं आणि स्टेशनसमोर आणून उभा केला चक्क फारो रामसेस दुसरा याचा पुतळा! आणि ३ एप्रिल २०२१ ला २२ ममींची मिरवणूक काढली, गाणी प्राचीन भाषेत, वाजतगाजत, ती टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिली. आता याला फारोवाद म्हणायचं की पर्यटन खात्याची जाहिरात, माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.

शब्दखूळ:
मग पहिल्यांदा येईल तिथे 'फारोवाद, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या वारशावर उभा राष्ट्रवाद' आणि पुढे नुसतं फारोवाद. आणि केमेटिझम पण हेच ना?

तिखटमीठ:
नाही नाही, ते आत्ताचे लोक जुन्या देवांची पूजा करतात ते. तो पंथ आहे, त्याचा इजिप्तच्या राजकारणाशी काही संबंध नाही. त्याला वेगळा धागा काढा.