कल्चर आधी, पण औषध अडवू नका
"रिपोर्टला दोन दिवस लागतात, मग सेप्सिसच्या संशयात ब्लड कल्चर कशाला?" असं विचारलंय. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं, आणि ब्लड कल्चर म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी. अहो, पुढचं नेमकं औषध त्यावरच ठरतं! अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी दोन वेगळ्या जागांहून रक्त घ्यायचं, मोठ्या माणसाचं बाटलीमागे ८ ते १० मिली. रक्त कमी पडलं की जंतू निसटतात. बाटली फ्रिजमध्ये मुळीच नको, गुहागरहून रत्नागिरीला पाठवायची असली तरी. लॅक्टेट (पेशंट किती गंभीर आहे हे सांगणारी रक्ततपासणी) मात्र लगेच कळतं.

आणि आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे दिसले तर पेशंट चिखलात उतरला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, आणि लेप्टो साध्या कल्चरमध्ये सापडत नाही. पेशंट कोसळत असेल, तर रक्त काढण्यापायी औषध थांबवू नये.