‘वरच्यांना माहीत नव्हतं’ हे आता पुरे करा

मुरारजीपेठ (धागाकर्ता)

निवृत्त_एमओ यांनी काल लिहिलं की सरकारी संशोधनात माणसांचे हाल झाले तर दोष खालच्या डॉक्टरांचा असतो. सचिव, महासंचालक पातळीवरच्या माणसासमोर शेकडो फायली असतात, त्याला काय कळणार, उगाच त्यांना बदनाम करू नका. टस्कीगीचंही उदाहरण त्यांनीच दिलं. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

टस्कीगी म्हणजे अमेरिकेतला सिफिलिस या गुप्तरोगाचा अभ्यास, 1932 ते 1972 चालला. अलाबामातले सहाशेच्या आसपास कृष्णवर्णीय पुरुष, बहुतेक वाट्यानं शेती करणारे. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. त्यांना रोगाचं नावसुद्धा सांगितलं नाही, ‘रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. पुढे पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं तरी दिलं नाही, कारण औषध न देता रोग कुठवर जातो तेच बघायचं होतं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा हा अधिकृत कार्यक्रम होता. त्याचे निबंध 1936 पासून वैद्यकीय मासिकांत उघड छापून येत होते. 1958 मध्ये पंचवीस वर्षं झाल्याबद्दल त्या माणसांना प्रशस्तिपत्रं वाटली आणि वर्षाला एक या हिशोबानं पंचवीस डॉलर हातावर ठेवले. त्या प्रशस्तिपत्रावर सर्जन जनरलची सही आहे, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या आरोग्य अधिकाऱ्याची. कळलं नाही म्हणणाऱ्यानं ती सही कशावर केली?

पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतल्याच कर्मचाऱ्यानं 1966 मध्ये लेखी तक्रार केली. 1969 मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली, चर्चा झाली आणि अभ्यास चालू ठेवायचं ठरलं. 1972 मध्ये बातमी पेपरात आली तेव्हा कुठे तो थांबला.

ग्वाटेमालात अमेरिकेनं केलेले प्रयोग त्याहून वाईट. 1946 ते 48. कैदी, सैनिक, मनोरुग्णालयातले रुग्ण यांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण केली. प्रमुख डॉक्टर जॉन कटलर. त्याला एका सहकाऱ्यानं पत्र लिहिलं की सर्जन जनरल पॅरन यांना या कामात फार रस आहे, असा प्रयोग आपल्या देशात करता आला नसता असं ते म्हणाले. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते कुठं केलं तर खपेल हेही ठाऊक होतं.

आणि आपल्याकडे? दिल्लीत 1976 ते 1988 आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थेनं अकराशेहून जास्त बायकांच्या गर्भाशयमुखावरच्या कर्करोगपूर्व जखमा उपचार न करता नुसत्या बघत ठेवल्या. आयसीएमआरनंच 1980 मध्ये माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं छापली होती. त्यानंतरही आठ वर्षं हे चालूच राहिलं. नियम लिहिणारं आणि मोडणारं कार्यालय एकच असेल, तर माहीत नव्हतं हे कुणी कुणाला सांगायचं?

निवृत्त_एमओ

मुरारजीपेठ, तुमचं वाचन दांडगं आहे, पण तुम्ही कधी सरकारी टेबलामागे बसलेला नाहीत. मी उभी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली. दुपारी ओपीडी संपली की क्लार्क गठ्ठा आणून ठेवायचा. पगारपत्रक, औषधसाठा, गाडीचं लॉगबुक, कुटुंबकल्याणाचा अहवाल. सही केली म्हणजे वाचलं असं होत नाही हो. माझ्या पातळीवर ही गत, तर दिल्लीत काय असेल याचा विचार करा.

दुसरं, या आरडाओरड्याची किंमत कोण देतं? 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात एचपीव्ही लसीचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूविरुद्धच्या लसीचा, प्रकल्प झाला. सात मुली गेल्या म्हणून गदारोळ उठला. चौकशीत कारणं निघाली बुडणं, सर्पदंश, विषप्राशन, मलेरिया. लसीशी संबंध सापडला नाही. तरी 2010 मध्ये प्रकल्प थांबला आणि लस या देशात बदनाम झाली ती कितीतरी वर्षं. या कर्करोगाच्या बायका मी पाहिल्यात. घरच्यांनी वासामुळे वेगळ्या खोलीत ठेवलेल्या. त्यांच्यासाठी कुणी धागा काढला नाही.

पूर्वभाग

डॉक्टरसाहेब, तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘सही केली म्हणजे वाचलं असं होत नाही.’

माझी आई विड्या वळायची. घरात तेलुगू, मराठी कामापुरती. तिचं ऑपरेशन होतं तेव्हा एका दवाखान्यात तिच्यापुढे छापील मराठी कागद आला. नर्सनं तिचा अंगठा धरला, जांभळ्या शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला आणि पुढच्या बाईकडे गेली. आईनं अंगठा पदराला पुसला, तो डाग धुऊनही गेला नाही. नंतर त्रास झाला आणि आम्ही विचारायला गेलो, तर तोच कागद समोर धरला. ‘वाचून, समजून, स्वखुशीने’ असं वर छापलेलं, खाली अंगठा.

शिकलेल्या अधिकाऱ्यानं सही केली तर त्याला माहीत नव्हतं म्हणायचं आणि निरक्षर बाईनं अंगठा दिला तर तिला सगळं समजलं होतं म्हणायचं. हा कुठला न्याय?

लसीनं मुली मेल्या असं मी म्हणत नाही. पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. संसदेच्या स्थायी समितीचा 72वा अहवाल, ऑगस्ट 2013. आंध्रातले 9,543 संमतीचे फॉर्म बघितले, 1,948 वर अंगठे आणि 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. आईबाप गावाकडे, मुलगी आश्रमशाळेत, सही वॉर्डनची. आणि आयसीएमआरनं हा प्रकल्प चालवणाऱ्या परदेशी संस्थेशी करार केला 2007 मध्ये, लसीला इथं परवानगी मिळाली 2008 मध्ये. करार काही वॉर्डननं केला नव्हता.

सातरस्ता

खम्मम, दिल्ली कशाला, घरात बघा की. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून केलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास आठवतो का कुणाला? तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका, चार गट. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतीनं तपासणी. चौथ्या गटातल्या 31,488 बायकांची तपासणीच नाही, नुसतं बघायचं किती मरतात. एचपीव्ही तपासणीच्या गटात 34 गेल्या, बिनतपासणीच्या गटात 64. पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन बघणं, तेव्हा जगाला अर्ध्या शतकापासून माहीत होती. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडीगुल, तिन्हीकडच्या बिनतपासणीच्या गटांत मिळून किमान 254 बायका याच कर्करोगानं गेल्या, असं एका अमेरिकन डॉक्टरनं मांडलं. ते वाचून मला झोप लागली नव्हती.

बार्शीकर

सातरस्ता, तोंड सांभाळून बोला. ‘नुसतं बघायचं किती मरतात’ हे वाक्य मागे घ्या.

1999 मध्ये त्या खेड्यांत कुठली तपासणी होती ते सांगा. तुमच्या सोलापुरातसुद्धा धडधाकट बाई पॅप तपासणीला जात नव्हती. परांडा, भूम, कळंब सोडाच. माझी आत्या त्यातल्याच एका गावची. हॉस्पिटलची गाडी यायची, बाया लाजून दार लावून घ्यायच्या. कार्यकर्त्या ओसरीवर बसून समजवायच्या, सासूला आधी पटवायच्या. आत्याचं वेळेत सापडलं. तिनं नातवाचं लग्न बघितलं. आज जगभर एचपीव्ही तपासणी आधी करा असं सांगतात, त्याच्या पुराव्यात आमच्या भागातल्या बायका आहेत. याचा आम्हाला अभिमान आहे आणि राहणार.

सातरस्ता

आत्या तपासणीच्या गटात निघाल्या म्हणून वाचल्या. शेजारच्या गावची बाई दुसऱ्या गटात पडली. तिच्या भाच्याला इथं लिहायला बोलवा, मग अभिमानाचं बोलू. वाक्य मागे घेणार नाही.

बार्शीकर

त्या बायकांनाही माहिती दिली होती, तपासणी कुठल्या दवाखान्यात मिळते ते सांगितलं होतं. कुणाला रोग आहे हे माहीत असून औषध नाकारलं असं एकही प्रकरण दाखवा. टस्कीगीच्या पंगतीत बार्शीला बसवणं हा शुद्ध खोटेपणा आहे. आमच्या गावात ते हॉस्पिटल नसतं तर केमोसाठी पुण्या-मुंबईला दारोदार फिरावं लागलं असतं. तुम्ही कधी रात्रीच्या एसटीनं केमोच्या पेशंटला घेऊन गेलाय? डबा, बादली, चादर घेऊन?

सातरस्ता

गेलोय. माझी आई त्याच रोगानं गेली. म्हणूनच विचारतोय.

अशोकचौक

अहो दोघंही थांबा. दोघांच्याही घरात हा आजार येऊन गेलाय. पण मूळ प्रश्न वरच्यांना माहीत होतं का, हा होता ना? गेल्या कितीतरी प्रतिसादांत त्याचं नावच नाही.

नर्सबाई_दक्षिण

मी दक्षिण सोलापुरात एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, होते. डॉक्टरसाहेबांना उलट बोलायची सवय नाही, पण आज लिहिते.

आमच्याकडचा कुठलाही आकडा वर जात नाही असं कधी होत नव्हतं. उपकेंद्राचा अहवाल पीएचसीत, तिथून तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, तिथून जिल्ह्याच्या, मग पुणे, मुंबई. महिन्याच्या बैठकीत एकेका गावाचं नाव घेऊन विचारायचे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचं टार्गेट कमी पडलं की सगळ्यांसमोर उभं करायचे. एका वर्षी माझ्या दोन केसेस कमी पडल्या तर वेतनवाढ रोखायची भाषा झाली. आता मला सांगा, दोन केसेस कमी पडल्या हे जिल्ह्याला कळतं, मग बाईला न सांगता काही केलं हेच तेवढं कळत नाही? कळतं. बैठकीत ते विचारत नाहीत, कारण विचारलं की उत्तर लिहून घ्यावं लागतं.

माझ्या भागात कन्नड बोलणाऱ्या बायका जास्त. फॉर्म मराठीत. मी त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगायचे, पण तेवढा वेळ धरून काम कुणी ठरवून दिलं नव्हतं. एका दिवसात इतके फॉर्म भरा एवढंच यायचं. जी बाई फॉर्म भरून घेते तिच्यावर खापर फोडू नका.

मुरारजीपेठ

ताई, हेच मला सांगायचं होतं आणि मी ते अमेरिकेतून आणत बसलो. टस्कीगीतही युनिस रिव्हर्स नावाच्या नर्स होत्या, त्या माणसांना गाडीतून तपासणीला आणायच्या. लोक आजही त्यांच्यावर तावातावानं बोलतात. 1958 च्या प्रशस्तिपत्रावर सही करणाऱ्याचं नाव मात्र कुणाला आठवत नाही. लेरॉय बर्नी.

बार्शीबद्दल. सातरस्ता, तुमचं दुःख खरं आहे, पण बार्शीकरांचा एक मुद्दा टिकतो. रोग माहीत असून उपचार न करणं आणि तपासणीच न करणं या एकाच गोष्टी नाहीत. दिल्ली पहिल्यात मोडते, उस्मानाबाद नाही. पण बार्शीकर, मुंबईच्या अशाच अभ्यासाला पैसा अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेचा होता, आणि त्यात बायकांना दिलेली माहिती अपुरी होती हे पुढे अमेरिकेच्याच सरकारी कार्यालयानं म्हटलं. बिनतपासणीचा गट ठेवायचा हे गाडीबरोबर येणाऱ्या कार्यकर्तीनं ठरवलं नाही. आराखडा वर मंजूर झाला, सह्या झाल्या, पैसे सुटले. स्वतःच्या देशात हाच आराखडा मंजूर केला असता का, हे त्यांना विचारायला हवं.

बार्शीकर

मुंबईचं मला माहीत नाही. आमच्या हॉस्पिटलबद्दल मी बोललो ते कायम आहे. पैसा देणाऱ्यांना विचारा, जरूर विचारा. गाडीतून येणाऱ्या पोरींना नको, एवढं नर्सबाईंचं पटतं.

निवृत्त_एमओ

नर्सबाई, तुम्ही कुठल्या बैठकीबद्दल बोलताय ते मला माहीत आहे. मीही त्या बैठकीत मागच्या रांगेत बसलेलो असायचो.

ग्वाटेमालाचं पत्र मी आज शोधून वाचलं. तिथं ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही, हे मान्य करतो. दिल्लीचंही मान्य. एचपीव्हीच्या बाबतीत मी हटणार नाही. लस चांगली होती आणि तुमच्या गोंधळात बायकांचं नुकसान झालं.

पूर्वभाग

लस चांगली होती म्हणूनच तर विचारतोय, साहेब. चांगली होती तर आईबापांना गावाहून बोलावून, त्यांच्या भाषेत सांगून सही घ्यायला कुणी हात धरला होता? बदनाम झाली ती त्या 2,763 सह्यांमुळे. त्या चालतील असं ज्यांनी ठरवलं, त्यांच्यापैकी कुणाची वेतनवाढ रोखली गेली का, एवढं सांगा.

निवृत्त_एमओ

माझ्या माहितीत नाही.

नर्सबाई_दक्षिण

माझ्याही नाही. माझी मात्र रोखली होती, त्या दोन केसेससाठी. नुसती भाषा झाली असं वर लिहिलं, कारण डॉक्टरसाहेब वाचत होते.