सहा बेडरूमची 'इको व्हिला': शेंडी कोणाला लावताय?

मांडवीकाठ:
काल इथे कोणीतरी आसगावच्या एका प्रोजेक्टचे फोटो टाकून लिहिलं, "निसर्गाला न दुखावता कसं बांधायचं ते गोवेकरांनी यांच्याकडून शिकावं." डोकंच फिरलं. अहो डोंगराची बगल कापून सहा बेडरूम, प्रत्येकाला एसी, मागे स्विमिंग पूल, आणि छपरावर सोलर नि बाथरूमला बांबू लावला की झाली इको? सिमेंटचा हिशेब कोण मांडणार? एक टन क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ खडा, भाजला की पाऊण टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला निम्म्याहून जास्त खुद्द चुनखडीतून सुटतो, म्हणजे भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच. जगाच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७-८ टक्के, लोखंड वेगळंच. आणि हे सगळं डिसेंबरात चार दिवस येणाऱ्या दिल्लीवाल्यासाठी. २०११च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं सापडलं होतं, आज काय असेल ते असो. तेव्हा आधी हे बांधायचं कशाला ते सांगा, कशाने बांधायचं ते मग बघू.

कंत्राटी_म्हापसा:
झालं सुरू. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा माझा टिप्पर दारात गंजत होता आणि बँकेचा माणूस दर महिन्याला गेटवर हजर. ते हप्ते याच व्हिलांनी फेडले, पर्यावरणवाल्यांनी नाही. मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले, जांभ्याचे चिरे उतरवणारे, सगळ्यांच्या चुली यावर पेटतात. तुम्ही कशात राहता पात्रांव, झाडावर?

मांडवीकाठ:
पणजीत, वडिलांच्या कौलारू घरात.

कंत्राटी_म्हापसा:
तरीच. बापाने बांधून ठेवलं की बोलायला काय जातं.

फोंड्यातला_भाडेकरू:
याला माझा +१. बांधू नका म्हणणाऱ्या सगळ्यांची घरं झालेली असतात. आम्ही दोन खोल्यांत आई-बाबा धरून सहा जण. दिल्लीवाल्याचा राग माझ्यावर काढू नका.

वाळपईकरीण:
आता कोणीतरी येऊन चिऱ्याचं घर बांधा, प्लास्टर करू नका असं सांगणार, म्हणून आधीच लिहिते. आम्ही केलंय ते. आर्किटेक्टने पॉइंटिंग करून, म्हणजे नुसते सांधे भरून, उघडे चिरे ठेवले, फोटोत काय देखणं दिसायचं. पहिल्याच जुलैत पश्चिमेची भिंत हिरवी, आतल्या बाजूला ओल, कपाट सरकवलं तर मागची फळी फुगलेली आणि सासूबाईंच्या पैठणीवर बुरशी. आजोळचं घरही चिऱ्याचंच होतं पण त्याला पडवी होती, छपराची पागोळी भिंतीपासून हातभर लांब पडायची, पाणी चिऱ्याला लागायचंच नाही. आताच्या डब्याला छज्जाच नाही तर चिरा बिचारा काय करणार. आणि ते चिरे कुठल्या बेकायदा खाणीतून आले ते विचारायचं नाही म्हणे.

जुना_सिव्हिल:
ताईंचा छज्ज्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण मांडवीकाठ, सिमेंट लागणारच आहे तर कुठलं वापरता ते बघा की. पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटात ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) चालते, स्लॅग सिमेंटात ७० टक्क्यांपर्यंत धातूची मळी, तेवढा क्लिंकर वाचला. भाजलेली माती आणि चुनखडी घालून करतात त्या एलसी-थ्री सिमेंटलाही २०२३ पासून आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक आहे. आणि आपल्या खाऱ्या हवेत मिश्र सिमेंटच बरं, क्षार सळीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तरी आमचे कंत्राटदार अजून बिनमिसळीचं '५३ ग्रेड द्या' करत दुकानात उभे.

कंत्राटी_म्हापसा:
काका, तुम्ही ऑफिसात बसून कोड वाचलात, मी स्लॅबखाली उभा राहतो. राखेचं सिमेंट सुरुवातीला सावकाश धरतं. टेकू जास्त दिवस ठेवायचे, सेंट्रिंगचं भाडं कोण देणार, मालक की तुम्ही? वर त्या मालकाचा रोज फोन, 'अजून वरच्या मजल्याला सुरुवात नाही?'

जुना_सिव्हिल:
सावकाश धरतं हे खरं, पण पुढे ताकद कमी पडत नाही. खरी गोम पाण्यात आहे. मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवायचं असं आयएस ४५६ सांगतो. तुमच्या साइटवर स्लॅबवर वाफे बांधून पाणी तुंबवतात का? कॉलमला गोणपाट? तिसऱ्या दिवशी पोरगा पाइप टाकून गावी जातो आणि मग भेगा पडल्या की दोष राखेला!

कंत्राटी_म्हापसा:
मे महिन्यात टँकरचा भाव माहीत आहे? आणि तुमच्या काळातल्या सरकारी क्वार्टर्सचं प्लास्टर अजून लोकांच्या जेवणात पडतंय, तिथे किती दिवस पाणी मारलं होतं?

जुना_सिव्हिल:
ती कंत्राटदारानेच बांधली होती.

कंत्राटी_म्हापसा:
आणि बिलावर सही कोणाची होती काका??

खाजनवाला:
तुमचं पीपीसी-बिपीसी राहू दे बाजूला, जुनं घर पाडता तेव्हा मलबा जातो कुठे? २०१६पासून नियम आहेत मलब्याचे, वेगळा करा, ठरलेल्या जागी द्या. प्रत्यक्षात मध्यरात्री पिकअप येते आणि आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या बांधाला उलटी होते. कमोड, टाइल्सचे तुकडे, सळ्यांची वेटोळी. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या फळ्यांत काँक्रीटचा ढेकूळ अडकला तर फळी नीट बसत नाही, भरतीचं खारं पाणी आत शिरतं. कोर्गुट भाताला थोडा खारेपणा चालतो, पण सारखं तुंबलं तर तोही कुजतो. मग दोन वर्षांनी कोणीतरी म्हणतं 'ही जमीन पडीकच आहे', आणि झोन बदलायला अर्ज. नगर नियोजन कायद्यातल्या १७(२) कलमाखालचे झोन बदलायचे नियम हायकोर्टाने २०२५ला रद्द केले, तरी त्याच कामाला ३९(अ) कलम होतंच.

मांडवीकाठ:
अगदी हेच. आणि यात फोंड्याच्या भावाचं घर कुठेच येत नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटला माझा विरोध नाही, लिहिताना सगळ्यांना एकाच काठीने हाकलं असं वाटलं असेल तर वाटो.

फोंड्यातला_भाडेकरू:
वाटो काय वाटो. तुमच्या विरोधाने व्हिला थांबत नाही, आमच्या बिल्डिंगची परवानगी तेवढी लटकते. दिल्लीवाल्याकडे वकील असतो.

वाळपईकरीण:
हे मात्र खरं.

कंत्राटी_म्हापसा:
मलब्याचं खाजनवाल्याचं म्हणणं मान्य. मी टाकत नाही, पण टाकणारे ओळखीचे आहेत, खोटं कशाला बोलू. ठरलेली जागा जवळ असेल आणि तिथे रांगेत अर्धा दिवस जाणार नसेल तर कोण कशाला मध्यरात्री डिझेल जाळील? आणि काका, पुढचा स्लॅब पीपीसीत टाकतो. १० दिवस पाणी मारायला तुम्हीच या, चहा माझ्याकडून.

जुना_सिव्हिल:
येतो. टेकूही मोजीन.

नवा_सभासद:
विषय सोडून विचारतोय, रागावू नका. पाडलेल्या घराची मंगलोरी कौलं कोणाकडे आहेत का? गोठ्यासाठी चारशेक हवीत, जुनीच हवीत.

कंत्राटी_म्हापसा:
शिवोलीला घर उतरवतोय, हजारभर निघतील. नगाला १५.

नवा_सभासद:
शेवाळलेल्या कौलाला १५?

कंत्राटी_म्हापसा:
काल फुकट देत होतो. आज इथे वाचलं की पर्यावरणाला चांगली असतात.