भाकड गाय आणि एचएफचा गोऱ्हा : वैरण कुणी घालायची?

रहिमतपूरकर

दुधाचा दर पडला की सगळे बोलतात. २०२३ च्या जुलैत सरकारनं गाईच्या दुधाला ३४ रुपये ठरवले आणि वर्ष संपायच्या आत ते सव्वीस-सत्तावीसवर आले, तेव्हाही खूप बोलणं झालं. मग ५ रुपयांचं, पुढं ७ रुपयांचं अनुदान आलं. माझं म्हणणं दरापलीकडचं आहे. आपल्याकडचा गोठा तोट्यात जातो तो भाकड जनावरामुळं, आणि त्या जनावराला गोठ्याबाहेर काढायची सरळ वाट कायद्यानं बंद केलीय.

गाईला १९७६ च्या कायद्यानं संरक्षण होतंच. बैल, वळू मात्र दाखला घेऊन कत्तलीला विकता यायचे. १९९५ साली विधिमंडळानं त्यांनाही बंदी घातली, त्या विधेयकावर राष्ट्रपतींची सही व्हायला २०१५ उजाडलं. मधल्या वीस वर्षांत शेती पार बदलली. औत गेलं, ट्रॅक्टर आला. खिलार-देशी गाई गेल्या आणि दावणीला एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी जातीच्या संकरित गाई आल्या. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू टिकत नाही, चैत्रातल्या उन्हात तो सावलीतसुद्धा धापा टाकतो. त्याला कोण औताला धरणार?

मग होतं काय, ते कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. गोऱ्हा झाला की त्याचं दूध तोडतात. आठवड्याभरात तो मरतो. नाहीतर रात्री दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडून येतात. कायदा ज्या जिवाला वाचवायला केला, तो असा मरतो.

भाकड गाईला कमीत कमी खर्च धरला तरी दिवसाला शंभर-सव्वाशेची वैरण लागते. चार दुभत्यांच्या गोठ्यात दोन भाकडं असली की दुधाचं बिल त्यांच्याच गव्हाणीत जातं. संकरित गोऱ्हा आणि पशुवैद्यानं कायमची भाकड ठरवलेली संकरित गाय, एवढ्यापुरता तरी कायदा बदलावा. ज्यांना पटत नाही त्यांनी मन मोकळं करावं.

शुभांगी, मायणी

दादा, गोऱ्ह्याचं दूध तोडतात हे खरं आहे. मला ते वाचतानाही कसंतरी झालं, कारण आमच्या गल्लीतही होतं. पण त्याला कायदा जबाबदार कसा? दूध तोडणारा हात आपला आहे.

जिच्या दुधावर पोरांच्या फिया भरल्या, ती आटली की हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या हाती दावं द्यायचं, हे मला जमत नाही. यात कुठल्या पक्षाचा संबंध नाही. माझ्या सासूबाई माळकरी आहेत, पण मी माळ घालत नाही, तरीही जमत नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर शेणाचा हिशोब तुम्ही धरलाच नाही. आमच्याकडं शेणखताच्या ट्रॉलीला चार-पाच हजार सहज मिळतात, तरी खत मिळत नाही अशी ओरड आहे. डाळिंबवाले आगाऊ सांगून ठेवतात.

मुख्य म्हणजे गाय भाकड का होते ते आधी बघा. सात-आठ वेतं देणारी गाय तिसऱ्या-चौथ्या वेतालाच उलटायला लागते. तीन-चारदा भरवली, राहिली नाही, की आपण तिला भाकड म्हणतो. ती भाकड झालेली नसते, आपण तिला तशी केलेली असते.

गणेश, कडेगाव

ताईंच्या भावनेचा मान राखून एक आकडा मांडतो. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गाई-बैल १ कोटी ५५ लाखांच्या आसपास होते, २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ३९ लाखांवर आले. त्याच काळात शेळ्या ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. शेळीवर कुठलीही बंदी नाही, बोकड कधीही विकता येतो, म्हणून शेळी वाढली. जे विकता येत नाही ते शेतकरी पाळत नाही. गाय वाचवायचा कायदा केला आणि गाय कमी झाली.

खिलारप्रेमी, आटपाडी

गणेशभाऊ, अर्धाच आकडा सांगितला. २००७ च्या गणनेत गाई-बैल १ कोटी ६१ लाखांच्या वर होते. म्हणजे बंदी नव्हती तेव्हाही ते कमीच होत होते. २०१२ ते २०१९ मधली पहिली तीन वर्षंही बंदीच्या आधीची. आणि म्हैस? म्हशीच्या कत्तलीला दाखल्यासह परवानगी आहे, तुमच्या हिशोबानं म्हशी वाढायला हव्या होत्या. दोन्ही गणनांत त्या ५६ लाखांच्या आसपासच आहेत. जनावर कमी झालं ते ट्रॅक्टरमुळं, गायरानं गेल्यामुळं आणि पोरं पुण्या-मुंबईला गेल्यामुळं.

माझी भीती वेगळी आहे. संकरितापुरतं दार उघडा म्हणता, पण बाजारात कोण बघणार कुठला गोऱ्हा संकरित आणि कुठला खिलार? दुष्काळात माणदेशातला शेतकरी कडब्याच्या भावानं खोंड देतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तेव्हा खिलार खोंडाला कुत्रं विचारत नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात शर्यती परत सुरू झाल्या आणि आज खरसुंडीच्या यात्रेत चांगल्या खोंडाचा भाव ऐकून माणूस थक्क होतो. मधल्या सात वर्षांत खिलार जी टिकली, त्यात २०१५ च्या बंदीचा वाटा आहे असं मी मानतो.

गणेश, कडेगाव

२००७ चा आकडा बरोबर आहे, मान्य. पण खिलार टिकली ती हौशी लोकांमुळं. आणि दुष्काळात जनावर वाचवलं ते कायद्यानं का? २०१९ ला माण, आटपाडी, जतला चारा छावण्या लागल्या, मोठ्या जनावरामागं सरकारनं रोजचे १०० रुपये दिले, म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं छावणी चालवली. जनावर चाऱ्यानं वाचलं. बंदी होती आणि चारा नसता, तर दावणीला मेलं असतं.

पशुवैद्य, पलूस

चाऱ्याचा विषय आला म्हणून लिहितो. शुभांगीताईंचा मुद्दा मी रोज गोठ्यात बघतो.

आमच्या कृष्णाकाठी कारखाने सुरू झाले की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गव्हाणीत वाढंच वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे. फुकटात नाहीतर स्वस्तात मिळतं, हिरवं दिसतं, म्हणून शेतकरी खूश. पण उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते गाईच्या पोटातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. चार-पाच महिने नुसतं वाढं खाल्लेली गाय माजावर नीट येत नाही, आली तर राहत नाही, व्यायल्यावर बसते. मग मला फोन येतो, ‘डॉक्टर, गाय उलटतेय, इंजेक्शन द्या.’ इंजेक्शननं काय होणार? वाढं कुट्टी करून, चुन्याची निवळी मारून द्या, निम्मी वैरण दुसरी घाला, रोज खनिज मिश्रण द्या, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. चारशे किलोच्या गाईला दिवसाला दहा-बारा किलो कोरडा घटक लागतो. वाढ्यानं पोट भरतं, तेवढंच.

आता ते वाढंही कमी होत चाललंय. ऊसतोडीला मशीन आलं की वाढ्याचे तुकडे शेतातच उडतात, मोळी बांधायला काही उरत नाही. दुसरीकडं टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं तिथं ज्वारी गेली, द्राक्ष आणि ऊस आला. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. ज्या भागात कडब्याच्या गंजी घराएवढ्या असायच्या, तिथले लोक आता बाहेरून पेंढ्या विकत आणतात. मका इथेनॉलला जायला लागल्यापासून भरड्याचा दरही चढला. त्याच कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला धान्याचा वाळवलेला चोथा, पेंडीपेक्षा स्वस्त म्हणून गोठ्यात आलाय, पण तो ओलसर लागला, वास कुबट आला, तर घेऊ नका. बुरशीचं विष दुधात उतरतं.

यावर आमच्या भागात लागू पडलेला उपाय मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा आहे. मका चिकात असताना, दाणा नखानं दाबला की दूध यावं आणि थोडा चिकही लागावा, अशा वेळी कापायचा. अर्धा-पाऊण इंचाची कुट्टी, बॅगेत थर टाकून तुडवायची, हवा राहता कामा नये. दीड महिन्यानं बॅग उघडली की रंग पिवळसर हिरवा आणि वास लोणच्यासारखा आंबूस यायला हवा. मूठभर घेऊन दाबा. बोटांतून पाणी गळलं तर मका कोवळा कापलाय, मूठ उघडताच सगळं सुटून पडलं तर उशीर झालाय. कडेला पांढरी-काळी बुरशी दिसली तर तेवढं काढून फेकायचं, ‘जनावर खातंय की’ म्हणून घालायचं नाही. गाभण गाईला तर अजिबात नाही.

गोऱ्ह्याचं म्हणाल तर लिंगनिर्धारित रेतमात्रा आता सहज मिळतात, शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. पहिलारू कालवडीला आणि निरोगी गाईला त्या वापरा. गोऱ्हा जन्मालाच आला नाही तर निम्मा वाद मिटतो.

रहिमतपूरकर

डॉक्टर, मुरघासाचं सगळं मान्य. पण ती रेतमात्रा साध्या रेतनापेक्षा महाग आहे आणि गाभण राहण्याचं प्रमाण कमी, हेही सांगा ना. दोनदा पैसे घालून गाय उलटली की शेतकरी तिसऱ्यांदा साधंच भरवतो. आणि कितीही चांगलं खायला घातलं तरी गाय म्हातारी होतेच. दगडी, म्हणजे कासेची सूज होऊन सड बाद होतात. लम्पी रोगात वाचलेल्या कितीतरी गाई दुधाला कायमच्या गेल्या. २०२२ ला मेलेल्या गाईला ३० हजार मिळाले, जगून निकामी झालेलीला एक छदाम नाही.

जनावरांचा व्यापारी, मिरज

मी म्हशी-रेड्यांचा धंदा करतो, आजोबांपासून. गाईला हात लावत नाही. इथं कायद्यावर बोलणं चाललंय, पण रस्त्यावर काय होतं ते कुणी लिहिलं नाही.

माझ्या गाडीत म्हशी असतात. बाजार समितीची पावती, डॉक्टरांचा दाखला, प्रत्येक म्हशीच्या कानात बारा अंकी बिल्ला. तरी रात्री गाडी अडवतात. अडवणारे पोलिस नसतात. ड्रायव्हरला मारतात, मग पोलिस येतात, जनावरं उतरवून घेतात. कोर्टातून सोडवेपर्यंत त्यांच्या चाऱ्याचं बिल माझ्याच नावावर. हा धोका मी कुठून भरून काढणार? शेतकऱ्याला देण्याच्या भावातूनच. जी म्हैस चाळीसला घेतली असती ती तीसला मागतो. शेतकरी मला शिव्या घालतो आणि मला त्याचं तोंड बघवत नाही, कारण तीन पिढ्यांची ओळख असते.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या कुरेशी समाजानं राज्यभर खरेदी बंद ठेवली. तेव्हा बाजार ओस पडले आणि शेतकरीच म्हणायला लागले की काहीतरी तोड काढा. गाईचा कायदा ठेवायचा की बदलायचा ते तुम्ही ठरवा, मी त्यावर बोलणार नाही. जे कायदेशीर आहे ते तरी करू द्या.

खिलारप्रेमी, आटपाडी

भाईजान, कागद असलेली गाडी खासगी माणसानं अडवायची नाही, यावर माझं दुमत नाही. मी बंदीच्या बाजूचा आहे, पण कायदा पोलिसांनी राबवायचा असतो. म्हशीची गाडी अडवणाऱ्यानं गाईचं काही भलं केलं नाही, उलट शेतकऱ्याला गाईच्या विरोधात उभं केलं.

वकील, सांगली

कायदा बदला म्हणणं सोपं आहे, म्हणून थोडं लिहितो. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की गाईवर पूर्ण बंदी चालेल, पण कामाला निरुपयोगी झालेल्या बैलावर पूर्ण बंदी वाजवी नाही. २००५ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं ते मत बदललं. म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, असा एक आधार त्या निकालात आहे. २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं आपला कायदा कायम ठेवला, पण परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हणजे बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, तशी ती सैल करण्याचाही आहे. अडथळा न्यायालयाचा नाही, राजकीय इच्छेचा आहे.

जत-मिरजेच्या लोकांसाठी आणखी एक. पूर्वी म्हातारा बैल सीमेपलीकडं जायचा. जानेवारी २०२१ पासून कर्नाटकातही गाई-बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, तिथं फक्त तेरा वर्षांवरच्या म्हशीला सूट आहे. ती वाटही बंद झाली.

शुभांगी, मायणी

वकीलसाहेब, न्यायालय शेणाला किंमत आहे म्हणतं, तर ती किंमत सरकारनं शेतकऱ्याला द्यावी. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळांना देशी गाईमागं दिवसाला ५० रुपये ठरवले. गोशाळेला का? ज्यानं दहा वर्षं सांभाळली त्याच्याच दावणीला ते का नाहीत? आणि देशीलाच का? राज्यातलं बरंचसं दूध संकरित गाई देतात. त्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांना ना गोशाळा घेते, ना अनुदान आहे. रहिमतपूरच्या दादांचं दुखणं मला कळतं. त्यांचा उपाय मला नको आहे.

रहिमतपूरकर

ताई, ५० रुपयांत सव्वाशेची वैरण येत नाही. तरीही भाकड संकरित गाईला आणि गोऱ्ह्याला शेतकऱ्याच्या गोठ्यात रोजचा खर्च मिळणार असेल, बिल्ल्याच्या नंबरावर, थेट खात्यात, तर मी कायदा बदला म्हणणार नाही. दुधाच्या अनुदानाला बिल्ला चालला, मग याला का चालू नये? पण पैसे द्यायचे नाहीत आणि विकूही द्यायचं नाही, हे दोन्ही एकदम मला मान्य नाही.

गणेश, कडेगाव

हे ठरावाच्या रूपात लिहून काढा. आमच्या ग्रामसभेत मी मांडतो, खिलारवाल्यांनी आटपाडीत मांडावा. डॉक्टर, मुरघासाची बॅग उघडल्यावर किती दिवसांत संपवायची तेही सांगा. माझी वरून तापायला लागलीय.

पशुवैद्य, पलूस

रोज वरचा पूर्ण थर काढा, मधेच खड्डा करू नका आणि काढून झालं की तोंड आवळून बांधा. तापायला लागली म्हणजे आत हवा गेलीय. हात लावून गरम लागतो तेवढा थर बाजूला टाका, खालचा थंड आणि आंबूस असेल तर तो चालेल. दोन जनावरांसाठी टनाची बॅग भरू नका, पन्नास किलोच्या लहान बॅगा करा. उघडलेली दोन दिवसांत संपते.