डीपीएफ खरंच चोंदलाय की सेन्सर खोटं सांगतोय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या डिझेल गाडीत महिन्याभरात तिसऱ्यांदा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागलाय. स्कॅनर लावला तर पी२४६३, म्हणजे काजळी जास्त साठल्याचा कोड. काजळी जळावी म्हणून दोनदा हायवेवर अर्धा तास तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, इंजिनचे आरपीएम चढे ठेवून चालवली. दिवा गेला, पण चार दिवसांत परत हजर.

गॅरेजवाले थेट फिल्टर बदला म्हणतात. मला ते पटत नाहीये. कारण इग्निशन चालू, इंजिन बंद असतानाही स्कॅनरवर फिल्टरच्या दोन टोकांमधल्या दाबाचा फरक १८ मिलिबार दिसतो. वायूच वाहत नसताना तो शून्याजवळ हवा ना? मग हा फरक मोजणारा सेन्सरच बिघडला असेल, की त्याच्या रबरी नळ्यांत काजळी किंवा पाणी अडकलं असेल? नळ्या काढून फुंकून बघायच्या असतील तर फिल्टरकडून सेन्सरकडे फुंकायचं नाही, एवढं माहीत आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय. रोजचं चालवणं जेमतेम पाच किलोमीटर, त्यामुळे रिजनरेशन (गाडीने स्वतःच जादा डिझेल वापरून फिल्टरमधली काजळी जाळणं) अर्धवट तुटून डिझेल ऑइलमध्ये उतरत असणार. ऑइल बदलेपर्यंत गाडी उभीच ठेवतोय.

सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने त्याला शून्य शिकवावं लागतं का, म्हणजे इंजिन बंद असतानाचा दाब शून्य धरायला लावावं लागतं का? आणि काजळी जळते, पण राख जळत नाही. तर आत राख किती साठलीय हे फिल्टर न उतरवता कसं ओळखायचं? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.