मदत हवी आहे: दुकानाच्या कंप्युटरची डिस्क टकटकतेय, सासूबाईंचे शेरे वाचवायचे आहेत

मंडळी, नमस्कार. वडोदऱ्याला दांडिया बाजारात आमचं फराळाचं छोटं दुकान आहे. दसऱ्यापासून दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात आणि नेमका आत्ताच बिलिंगचा कंप्युटर दगा देतोय.

मशीन 2013 चं, त्यावर विंडोज 10. पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 ला 12 वरून 5 टक्के झाला, तेव्हा रात्री बसून दर बदलताना तो पहिल्यांदा अडकला होता. मी दुर्लक्ष केलं. आता चार दिवस झाले, सुरू केला की आतून टक्-टक्-टक्, जरा शांतता, परत टक्-टक्. ग्राहकाचं नाव टाकलं की मिनिटभर नुसतं गोल फिरतं.

हिशेबाचं निभावेल, रिटर्न पोर्टलवर आहेत. जीव अडकलाय तो ग्राहकांच्या यादीत. सासूबाईंनी एकेका नावापुढे शेरा लिहून ठेवलाय. 'अनारसे, खसखस कमी.' 'चकलीत तिखट अर्धं, आजोबांना सोसत नाही.' 'चिवड्यात शेंगदाणे अजिबात नकोत, मुलाला त्रास होतो.' सासूबाई वैशाखात गेल्या. हा शेंगदाण्याचा शेरा माझ्या लक्षात आहे, पण असे आणखी किती असतील?

यादी एक्सेलमध्ये काढायला घेतली, ती 'प'पर्यंत येऊन थांबली. भाच्याच्या लॅपटॉपवर उघडली तर शेऱ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. सॉफ्टवेअर रोज 'बॅकअप झाला' म्हणायचं. तो बॅकअप डी ड्राइव्हवर जायचा, आणि डी म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा भाग, हे मला परवा कळलं.

दुरुस्तीवाला म्हणतो, "बेन, फॉर्मेट मारी दउं?" काय करू? थोडं थोडं कॉपी करत राहू का? नवीन मशीन घ्यावं की यातच एसएसडी (फिरती तबकडी नसलेली नव्या प्रकारची डिस्क) टाकावी?

प्रतिसाद:
ताई, आधी तो बंद करा आणि आता पुन्हा सुरू करू नका. अशी टकटक बहुतेक वेळा डिस्कचं हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग) जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून मागे येतंय, याची असते. दर वेळी चालू केल्यावर तबकडी आणखी खरवडण्याची भीती. फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं, नकोच, विंडोजची डिस्क तपासणीही नको, ती आजारी डिस्कला आणखी राबवते. डेटा रिकव्हरीवाल्याला स्पष्ट सांगा: आधी पूर्ण डिस्कची प्रत काढा, मग त्या प्रतीतून फायली. बिलिंगचा अख्खा डेटा फोल्डर मागून घ्या.

खिचडी दिसते कारण शेरे युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेत. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधली ती फाइलही काढून घ्या. दुसऱ्या मशीनवर टाकून त्या रकान्याला तोच फॉन्ट दिला की मराठी दिसेल. पुढे सवडीने सगळं युनिकोडमध्ये करून घ्या.

हिशेबही सोडून देऊ नका. जीएसटीच्या वह्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात.

मशीन नवंच घ्या. 2013 च्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, रात्री ती काढून घरी न्या, एक प्रत ऑनलाइन ठेवा. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का, ते पाहा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. लगेच बंद करून प्लग काढला. फॉन्टची फाइल सासूबाईंच्या जुन्या लॅपटॉपवर मिळाली आणि 'प'पर्यंतचे शेरे चक्क वाचता आले! रात्री जाऊबाई आणि मी बसून ते वहीत उतरवून घेतले. उरलेल्या घरी फोन करून विचारते आहे, आधी शेंगदाण्याचं, मग बाकीचं. वडोदऱ्यात किंवा अहमदाबादला डिस्कची प्रत काढून देणारं खात्रीचं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दसऱ्याच्या आत हवं आहे.